परवान्याचा रकाना

राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती,
हे आमच्यात कुणी अर्ज करून विचारत नाही.
एकोणचाळीस फूट म्हटलं की
शुक्रवार पेठेत ट्रंका माळ्यावर चढतात,
चिखलीत म्हशींची दावी सुटतात.
आकडा कुणाच्या मालकीचा, असं
भर पुरात कुणी विचारल्याचं
मला तरी आठवत नाही.

कावीळ मात्र कपाटात असते.
तीन वर्षांची, गल्लीवार,
खालच्या खणात,
आणि किल्ली वडणगेकर साहेबांच्या चष्म्याच्या डबीत.

परवा वरून कागद आला : माहिती खुली करा.
मी बसलो टंकायला.
समोर रेशमा मुल्लाणीच्या वह्या,
कडेला तिचे शेरे :
नळाला वास. पोरगं पिवळं. कुलूप, पुन्हा जाणे.
पुन्हा जाणे.
एका पानावर चहाच्या कपाचा गोल,
त्याच्या आत सात रुग्ण.

मग एका बोळात आकडा आला : एक.
बोटं थांबली.
त्या बोळात घरं चार.
तिथं एक लिहिलं की तो आकडा राहत नाही,
दार होतो,
दाराआडची पोरगी होतो,
जिचं कागलला जमत आलंय.
मी लिहिलं : पाचपेक्षा कमी.
साहेब म्हणाले, एवढं तरी झाकलंस.
म्हटलं, साहेब, झाकायचं एवढंच होतं.

शेवटचा रकाना परवान्याचा.
कुणीही घ्यावं, कुणालाही द्यावं.
विकू द्यावं का, यावर साहेब दोन चहा अडले,
मग म्हणाले, असू दे,
पाणी विकणारे विकतातच की.
अट एकच : श्रेय नमूद करावे.
चौकटीत आपोआप उमटलं : आरोग्य विभाग.

विभागाला पाय नसतात.
मी स्वल्पविराम दिला
आणि पुढं लिहिलं :
रे. मुल्लाणी, पायी.

पंधरवड्यानं पाणीपुरवठ्याचा एक फिटर आला.
मोबाईलवर आमचाच तक्ता,
त्यावर त्यानं हातानं ओढलेली जुन्या पाइपाची रेघ,
गटाराला चिकटून गेलेली,
बरोब्बर पिवळ्या गल्ल्यांमधून.
साहेबांनी चष्मा काढला, पुसला,
डबी उघडीच राहिली टेबलावर.

रेशमा संध्याकाळी आली, छत्री निथळत.
तिला मी सगळं सांगितलं, रेघ दाखवली, नाव दाखवलं.
तिनं बघितलं. बरं म्हणाली.
मग हळूच :
त्या वह्या परत मिळतील न्हवं?
शेवटच्या पानावर भिशीचा हिशोब हाय,
तेवढा कुणाला दावू नका.