छत्तीसचा आकडा

रीळ भरायला मकवालानं माझ्याकडे दिलं
कारण थंडीनं तिची बोटं वळत नव्हती.
गावातल्या शेवटच्या घरापाशी, दगडी मनोऱ्याच्या सावलीत
मी झेनितचं झाकण उघडलं, फीत ओढली,
खाचेत घातली.
घातली, असं मला वाटलं.
दोनदा कळ दाबली, झाकण लावलं,
आणि गळ्यात पट्टा अडकवून ती पुढे झाली.

तिथूनच एक कुत्रा आमच्यासोबत निघाला.
कुणाचा, कोण जाणे. कान कापलेले,
मेंढपाळांच्या कुत्र्यांचे असतात तसे.
पहिला फोटो त्याचा. नेमका तेव्हाच तो वळला.
"शेपूट आली," मकवाला म्हणाली. "शेपूट तर शेपूट."

झुगदिदीला बावीस वर्षं ती लाल दिव्याखाली
लोकांची लग्नं धूत होती,
पासपोर्टचे चेहरे धूत होती,
इटलीत म्हाताऱ्या सांभाळायला निघालेल्या बायकांचे,
हसू नका म्हटल्यावर
लगेच हसू पुसणाऱ्यांचे.
दुकान मिटलं तेव्हा मालकानं पगाराच्या जागी
मुदत उलटलेली सहा रिळं हातावर ठेवली.
हे त्यातलं शेवटचं.

म्हणून घाई नव्हती.
एकेका फोटोआधी ती इतकी थांबायची
की मी दगडावर बसून भाकर उलगडायचे,
लसणाचं मीठ भुरभुरायचे, खायचे, उरलेली गुंडाळायचे,
आणि तिचं त्याच झुडपाशी चाललेलं,
पांढरी फुलं, पाकळीची कड नुकती पिवळी पडलेली.
"पांढरं कुणीही काढेल," ती म्हणाली.
"कड बघ."

वर तळं.
घोड्याचं पोट भिजेल, एवढंच खोल.
उष्बाची दोन्ही शिंगं उलटी होऊन आत उतरलेली.
डोंगर डोंगराला पाण्यात पाहत होता,
म्हणजे तसं नव्हे, वैर काही नव्हतं त्यात,
दाढीला बसण्याआधी माणूस पाहतो, तेवढंच.
इथं येणारा प्रत्येकजण हाच फोटो काढतो.
मकवालानं त्याच्याकडे पाठ केली
आणि चिखलातले खूर टिपले,
खुराखुरात घोटभर पाणी, घोटभर आभाळ.
मग वारा सुटला. डोंगराच्या चिंध्या झाल्या.
"आता," ती म्हणाली, आणि गर्रकन वळली.

आकडा छत्तीसवर आला.
तिनं सवयीनं खटका ओढला. ओढला गेला.
सदतीस.
"वरकड मिळाला एक!" मी म्हटलं.
अडतीस.
आता ती बोलत नव्हती.
गुंडाळायची कळ फिरवून पाहिली तिनं,
ती गरगर फिरली,
विहिरीत पोहरा सुटून पडलेल्या रहाटासारखी.

मला कळलं. तिला माझ्याआधी कळलं असणार.
आमचा छत्तीसचा आकडा याआधी एकदाच झाला होता,
शाळेत, एका मुलावरून.
तो हल्ली कुतायसीत टायर विकतो.

तिनं झाकण उघडलं.
आत डबी जशीच्या तशी, कोरी करकरीत.
चार बोटं फीत ओढून तिनं खाचेत अडकवली,
दात दातात बसल्याचं मला दाखवलं,
लहान मुलाला बुटाची नाडी दाखवतात तसं.
"त्या खडकाला टेकून उभी राहा.
सरळ. पासपोर्टसारखी.
हसू नकोस."
मी लगेच पुसलं.
पुसलं, पण पुरतं जाईना.
खटका वाजला.

उतरताना तिनं कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही,
पस्तीस शिल्लक असताना.
"चौथा?" मी विचारलं.
"घोड्याच्या पापणीवरची माशी."
"अकरावा?"
"तुझा मोजा, वाळत घातलेला. मागे बर्फ."
"सतरावा?"
ती थांबली. मीही थांबले.
खाली गावात कुणीतरी दूध आणायला हाक मारत होतं.
सतरावा दोघींनाही आठवेना.
कुत्रा तेवढा पुढे जात राहिला,
शेपूट वर करून,
जणू त्याला ठाऊक होतं.