एतेरी यायच्या आधी

कॉल शीटवर मीच लिहिलं होतं:
सीन एकेचाळीस. स्वयंपाकघर. सकाळ.
लाइटिंगला वीस मिनिटं.
वीस कुठून आणले, विचारू नका.
रकाना रिकामा होता आणि रात्रीचे दोन वाजले होते.

कुतैसी, जानेवारी, तिसरा मजला.
खिडकीबाहेर रिओनी नदी, तिच्यावर धुकं,
आणि सूर्य म्हणाल तर
पटकथेत होता, आकाशात नव्हता.

म्हणून शाल्वाने तो खालून वर चढवला.
मचाणावर, दोरांनी आवळून, पायाशी चार वाळूच्या पिशव्या,
एक मोठा दिवा, ज्याचं भाडं
मी दोनदा खोडलं होतं आणि तिसऱ्यांदा सही केली होती.
केबल गेली जिन्यातून, गुलनाराच्या दारासमोरून.
ती म्हणाली, माझी मांजर अडखळेल.
बाचोने वर पायपुसणं अंथरलं.
मांजर त्याच्यावरच येऊन झोपली.

न्याहारीच्या सुट्टीत मी दिवा बंद करायला लावला.
डिझेल वाचेल, एवढाच विचार.
नंतर पेटवायला गेलो, तर पेटेना.
हा दिवा तापलेला असताना पुन्हा पेटत नाही,
आधी त्याला निवू द्यावं लागतं,
माणसाला देतो तसं.
सत्तावीस जण कोट घालून उभे.
शाल्वा ओरडला नाही.
"छान उजेड पाडलास, नुत्सा," एवढंच म्हणाला,
"आता बस इथे."

एतेरीची खुर्ची. एतेरी मेकअपला.
उंची आमची सारखी.
"खांदे सोड," तो म्हणाला,
"मुलाचं पत्र आलेलं नाही, अशी बस."
मला मुलगा नाही.
मी बसले.

दिवा आला तो आधी हिरवट, आजारी,
मग हळूहळू पांढरा, मग गालावर थापटीसारखा.
बाचोने मध्ये पांढरं कापड ताणलं
आणि थापटीचा हात झाला.
"मागे घे."
मचाण मागे सरकलं.
"अंतर दुप्पट केलंस की उजेड निम्मा होत नाही, पाव होतो,"
तो मला सांगत होता की बाचोला, कळलं नाही,
पण आकडा होता, म्हणून मी लक्षात ठेवला.
मग काळे फडके आले:
एक भिंतीसाठी, एक कपाटासाठी,
एक नुसत्या पांढऱ्या किटलीसाठी.
उजेड आणायला दोघं होते,
नको तिथून तो काढायला पाच.

चुलीवरचा बल्ब पिवळा राहिला होता.
मी म्हटलं, जुळत नाही, खिडकी निळी आहे.
(तेवढं तरी मला येत होतं.)
"राहू दे," शाल्वा म्हणाला.
"रात्रभर जागी आहे ती.
उजाडलं, तरी बल्ब घालवायचं सुचलेलं नाही."

मला त्यातलं काही दिसत नव्हतं.
आत बसलं की उजेड दिसत नाही,
फक्त डोळ्यांतून पाणी येतं,
आणि पलीकडे काळोखात
कुणीतरी मीटर घेऊन तुमच्या हनुवटीपाशी वाकतं,
ताप बघितल्यासारखं.

तेवढ्यात गुलनारा दारात, भांडायलाच आलेली,
जनरेटरने तिच्या काचा थरथरत होत्या.
तोंड उघडलं तिने,
माझ्याकडे पाहिलं,
आणि आवाज खाली आणून विचारलं,
"कोण गेलं, पोरी?"

कुणी हसलं नाही.
शाल्वा दिव्याकडे बघून म्हणाला,
"झालं. याला कुणी हात लावू नका."

एतेरी आली. मी उठले.
उजेड तिथेच राहिला, तिच्यासाठी राखलेला.
ती बसली आणि म्हणाली,
"खुर्ची ऊबदार आहे, बरं वाटलं."

रात्री उद्याची शीट केली.
सीन बेचाळीस, तीच खोली, संध्याकाळ.
लाइटिंग: पन्नास मिनिटं.
आणि रकान्याबाहेर, समासात, पेन्सिलीने:
जेवणात दिवा बंद करू नये.
गुलनाराला विचारून पायपुसणं परत करावं.