पॉझिटिव्ह म्हणजे नाही

मोन्तेविदेओ, जुलै. नदीवरचा गार वारा
खिडकीच्या फटीत शीळ घालतोय
आणि यानेला एचेगोयेन, पाचव्या महिन्याची,
पोट टेबलाच्या कडेला लागू नये म्हणून
तिरकी बसून सूक्ष्मदर्शकात बघतेय.

काचपट्टीवर मोहरीएवढे खळगे.
प्रत्येकात नवऱ्याच्या पांढऱ्या पेशी,
त्यांच्यावर बायकोच्या रक्ताचं निवळ,
मग थेंबभर सशाच्या रक्ताचं.
ससाच का, हे ती आताशा कुणाला समजावत बसत नाही.
जगलेल्या पेशी हिरव्या दिसतात, मेलेल्या तांबड्या.

आज सगळं तांबडं.

दोन्या इर्मा, एकसष्ट, तीन लेकरांची आई,
आठवड्यातून तीनदा यंत्राला जोडलेली.
ओराल्दो म्हणाला होता, माझं घ्या मूत्रपिंड,
डावं की उजवं तुम्हीच ठरवा.
त्यासाठी त्यानं सिगारेट सोडली, अकरा किलो उतरवले.
चाळीस वर्षं दोघं एकाच नळीनं माते प्यायली.
यानेला अहवालात लिहिते: पॉझिटिव्ह.
या एका खोलीत पॉझिटिव्ह म्हणजे नाही.

रक्ताला ओराल्दो ठाऊक होता.
तीन पोरं, तिघांच्या अंगावर बापाच्या खुणा.
बाळंतपणात थोडं इकडचं तिकडे होतंच,
तेवढ्यात इर्माच्या रक्तानं त्या पाठ केल्या
आणि पोरांना बोटही लावलं नाही.
तिघांना पोटात घातलं.
बापाला नाही.

जेवणाच्या सुट्टीत यानेला स्वतःचा दंड चाचपते.
इथं विल्मारची नखाएवढी कातडी शिवली असती
तर दोन-तीन आठवड्यांत काळी पडून गळाली असती.
आणि खाली, बेंबीच्या चार बोटं खाली,
त्याचा अर्धा वाटा लाथा झाडतोय.

पुस्तकात त्या पेशींना मारक म्हटलंय.
नाव ठेवणाऱ्यानं जरा घाईच केली.
तिला दिवस गेल्याचं कळायच्या आधीच
त्या गर्भाशयाच्या अस्तरात दाटीनं जमल्या होत्या,
आणि मारलं कुणालाच नाही.
वळणावळणाच्या बारीक धमन्यांच्या भिंती
सैल करत बसल्या, रुंद करत बसल्या,
रक्त धावत नको, संथ यावं, भरपूर यावं,
पाटाचं पाणी वाफ्यात सोडावं तसं.
थोरल्या बहिणीच्या वेळी वाट अरुंदच राहिली:
बत्तिसावा आठवडा, पावलांना सूज, डोळ्यांपुढे काजवे,
एक किलो दोनशेची भाची.
ती आता फुटबॉल खेळते. दातही पाडून घेतला.
तरी यानेला रोज रात्री रक्तदाब मोजते
आणि विल्मारला आकडा सांगत नाही.

गुरुवारी दोन्या इर्मा महिन्याचं रक्त द्यायला आली.
डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं.
बाही वर करताना तिनं विचारलं,
म्हणजे माझी पोरं मला नकोशी होती?
नाही हो, यानेला म्हणाली. सुई आत होती,
जास्त बोलता येईना.
मुलं राहिलीच की तुमच्याकडे, नऊ-नऊ महिने.
बाकीचं रक्ताला नंतर आठवलं.

इर्मानं कापूस दाबून धरला.
यानेलाच्या पोटाकडे बघितलं, बराच वेळ.
मग म्हणाली, ओराल्दोला एवढ्यात सांगू नका.
तो पुन्हा सिगारेट धरेल.

नळीवर नाव, तारीख.
थर्मासमधलं पाणी कोमट झालंय.
आतून एक लाथ बसते, हात हलतो,
सूक्ष्मदर्शकातलं सगळं धूसर होतं
आणि ती पुन्हा चाक फिरवते.