मूस

डी.एड.ला, सांगलीत, पेपरात प्रश्न होता:
शिक्षणातील प्रेमाचे स्थान स्पष्ट करा. गुण दहा.
मी साडेतीन पानं लिहिली,
'करुणा' शब्दाखाली दोनदा रेघ ओढली.
आठ मिळाले.

मग लेंगऱ्याची शाळा, चौथीचा वर्ग,
पाण्याच्या टाकीमागं करंज,
आणि फळ्यामागं आधीच्या गुरुजींची
तेल पाजलेली छडी.

शहाजी निकम दिवाळीनंतर आला.
बाप गलाईवाला, तिकडं तिरुपूरला.
पोराच्या जिभेवर दोन भाषा, दोन्ही अर्ध्या.
नावापुढं मी शेरा मारला: प्रगती नाही.
सव्वापाचात पाऊण मिळवायला सांगितलं
की ओठातल्या ओठात काहीबाही पुटपुटायचा.
मला वाटलं, शिव्या देतोय.

"हात पुढं कर."
केला.
बोटांची टोकं पिवळी, पेरांवरची कातडी सोललेली,
तेजाबानं.
छडी तोवर निघाली होती.

साडेतीन पानांत हे कुठंच नव्हतं,
की निघालेली छडी
मधे थांबत नाही.

मधल्या सुट्टीत खोबरेल घेऊन बसले.
लावू दिलं त्यानं. बघत राहिला टाकीकडं.
पुटपुटणं म्हणजे आकडे होते, तमिळमधले.
माझ्या कानातलं फूल तळव्यावर घेऊन
उगाच वरखाली केलं, म्हणाला,
"दीड ग्रॅम. थोडं कमीच."
विट्याच्या सराफानं काट्यावर टाकलं:
एक पूर्णांक चार.
घरी येऊन शेरा खोडला. कागद फाटला.

"सोनं कसं वितळवतात रे?"
"सोन्याचं नंतर, बाई. आधी मूस.
ती सावकाश तापवायची.
गार मुशीला एकदम जाळ दिला
तर ती तडकते,
मग सोनं बसा हुडकत राखेत."
एवढं लांबलचक तो पहिल्यांदाच बोलला.

मी सुधारले, असं काही नाही.
त्याच आठवड्यात पाढ्यांवरून
सुमित्राचा कान पिळला.
छडी तेवढी घेवड्याच्या वेलाला टेकू दिली.
घेवडा काही चढला नाही.

शिमग्याआधीच त्यांचं बिऱ्हाड परत गेलं.
हजेरीला मी नाव घेत राहिले,
पोरं ओरडत राहिली, "गेला, बाई!"

आता निवृत्तीला दोन वर्षं.
खिचडीच्या रांगेत डोकी मोजताना
तोंडात येतं
ओन्नु, रेंडु, मूणु,
चारपासून मराठी.
पुढचं शिकायचं राहिलं.