सीटची उंची

गुडघे बदलायचे नाहीत, हे आईनंच ठरवलं,
म्हणून मग गाडी बदलायचं ठरलं.
मी पर्समध्ये मोजपट्टी टाकली
आणि मुंबई नाक्यापासून अंबडपर्यंत
शोरूमशोरूममध्ये दारं उघडून मोजत सुटले,
जमिनीपासून सीट किती वर.

सेल्सची पोरं सनरूफ दाखवायची.
म्हटलं, छताचं राहू दे, खालचं सांग.
बासष्ट सेंटिमीटर उत्तम. अठ्ठावन्न चालेल.
पन्नासला आई बसते, पण उठत नाही.
टूलरूममध्ये बारा वर्षं
केसाच्या दहाव्या भागावरून माल परत पाठवलाय मी.
मला कुणी डिस्काउंटनं फसवू शकत नाही.

रविवारी मिसळीला आमचं टोळकं:
खैरनार, ज्याच्या स्प्लेंडरच्या किल्लीला
जर्मन गाडीचं कीचेन लटकतं.
तांबोळी, दिवसभर सीएनजी किट बसवतो
आणि रात्री व्ही-एटचे आवाज ऐकत झोपतो.
गायधनी सर पस्तीस वर्षं एकच गाडी घेणार आहेत,
दर बजेटनंतर तिचा फक्त रंग बदलतो.
तर्री मागून घेत आम्ही
कोटी-कोटीच्या गाड्यांत खोट काढतो,
"स्टिअरिंगला वजनच नाही राव,"
आणि बिल चौघांत सारखं वाटून
हेल्मेटं घालतो.

देवळाली कॅम्पात, लॅम रोडला,
खोर्शेदबाईंकडे एक कॉन्टेसा होती.
नव्वद सालची. गर्द निळी. लिटरला आठ, तीही उतारावर.
सहा वर्षं मी तिला बघायला जात होते,
जसं एखाद्याच्या घरी
त्याच्या मुलीसाठी नाही, कुत्र्यासाठी जावं.
या खेपेला बाई म्हणाल्या, आता घेऊन टाक,
फक्त हॉर्न बदलू नको.

आईला घेऊन गेले. सोबत तांबोळी.
मोजपट्टी पर्समध्येच राहिली.
आई दाराला धरून वाकली, आत गेली,
ती गेलीच.
मऊ सीटमध्ये बुडाली, पाय लांब सोडले,
समोर ते बॉनेट, अंगणाएवढं.
तिसऱ्या सेल्फला इंजिन लागलं.
म्हणाली, फिरवून आण की.
भगूरच्या वळणापर्यंत गेलो. काच खाली. कुणीच काही बोललं नाही.

परत आल्यावर तिला काढायला चौघं लागली.
एक हात माझ्याकडे, एक तांबोळीकडे,
मागून माळी, आणि खोर्शेदबाई सूचना द्यायला.
आई हसत होती आणि कळवळत होती,
दोन्ही एकाच तोंडानं.
"अगं ओढा, नाहीतर मला गाडीसकट विका."

मग पांढरी घेतली. पांढरी, कारण रिसेल.
त्रेसष्ट सेंटिमीटर, सीएनजी, सव्वीसचं मायलेज.
डिकीत टाकी, त्यामुळं डिकी अशी नाहीच.
चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला,
टोळक्यानं चारी बाजूंनी फिरून बघितली
आणि कुणीही एकसुद्धा खोट काढली नाही.
खैरनार म्हणाला, छान आहे.
तेव्हाच मला कळलं.

कॉन्टेसा संगमनेरच्या कुणी नेली.
हॉर्नचं काय झालं, माहीत नाही.

आता पाथर्डी फाट्याला पहाटे साडेपाचची रांग,
पुढे अठरा रिक्षा.
मंगळवारी गंगापूर रोडला फिजिओथेरपी.
आई आपली आपण चढते, आपली आपण उतरते,
हात पुढे केला तर झिडकारते.
या गाडीचं एवढं मानलं पाहिजे.

परवा द्वारकेला अडकलो होतो,
वर उड्डाणपूल, खाली सगळ्यांचे हॉर्न.
आई उंचावरून बघत बसली होती,
पलीकडच्या टेम्पोतले कांदेसुद्धा दिसत होते.
मध्येच म्हणाली,
"त्या गाडीत रस्ता किती जवळून जायचा, नाही?"

"त्रेचाळीस होती," मी म्हटलं.

पट्टी लावली नव्हती तरी.