निधान

एक्स्चेंजमधून सुटले त्या दिवशी
शाल, नारळ आणि चांदीचा मुलामा दिलेला गणपती मिळाला.
गणपतीचं नाक थोडं वाकडं होतं.
सगळे भाषण ऐकत होते, मी नाक बघत होते.

तेहतीस वर्षं डाव्या कानावर हेडफोन.
आधी दोऱ्यांचा बोर्ड : निपाणी, मडगाव, सांगली, हुबळी,
भोकात पिन, पिनेपलीकडे माणूस.
तंबाखूचे भाव, बाळंतपणं, ‘पोहोचलास काय रे?’
कॅम्पातल्या एका रंगरूटाचं नुसतंच ‘आई... आई...’
आणि मध्येच माझं, ‘तीन मिनिटं झाली.’
ऐकायचं नाही, असा नियम होता.
मग बोर्ड गेला, बिलांची खिडकी आली,
मग खिडकीसमोरची रांगही गेली.

कपाट आवरताना सीताफळ सापडलं.
लाकडी, मुठीएवढं, गोकाकचं.
तेराव्या वर्षी रंगवायला घेतलेलं :
निम्मे डोळे हिरवे,
निम्मे अजून पांढऱ्या मातीचे.

वडील तेव्हा गिरणीत होते.
मागच्या बोळात तंगेव्वा फळं करायची,
पेरू, डाळिंब, केळ्यांचा घड;
हलकं लाकूड, भुसा, चिंचोक्याची खळ.
मी मराठीतून विचारायची, ती कन्नडमधून सांगायची,
ब्रश दोघींत एकच.
‘निधान, शालव्वा, निधान.’
मला वाटायचं, फळात काहीतरी पुरलेलं आहे.
मोहरांचा हंडा,
निदान एखादी बी.
वर्षभरानं कळलं, ती फक्त ‘सावकाश’ म्हणत होती.
तोवर हात सावकाश झाला होता
आणि आमचं सामान ट्रकमध्ये चढलं होतं.

मार्चमध्ये गोकाकची बस धरली.
बोळ सापडला. तंगेव्वा नाही.
तिचा भाचा साच्यातून प्लास्टरचे पोपट काढत होता.
‘अत्ती जाऊन बावीस वर्सं झाली की वो.’
माळ्यावरून त्यानं पोतं खाली ओढलं,
वाळवीनं सोडलेले सतरा ठोकळे.
पैसे घेईना.
मग मी दोन पोपट विकत घेतले.

पहिला आंबा वांग्यासारखा झाला.
ह्यांनी विचारलं, ‘किलोनं द्यायचं का नगावर?’
हात कापत नव्हता, घाई करत होता.
चार सेकंदांत लाईन जोडायची सवय त्याला :
पहिला थर वाळायच्या आत दुसरा,
की माती पोपडे धरून सुटायची
उन्हात भाजलेल्या पाठीसारखी.

घड्याळ स्वयंपाकघरात नेऊन टांगलं.
आता थर दिला की तूरडाळ निवडते,
नाहीतर पायरीवर बसते.
वडगावात मागाची खटखट
आमच्या गल्लीत दोनच घरांतून येते.
ती ऐकते. पूर्ण.

शेजारच्या मल्लेशनं परवा पेरू उचलला
आणि चावला.
रडला नाही. म्हणाला, ‘आत काय आहे?’
‘लाकूड.’
‘आणि त्याच्या आत?’
पेरूवर दातांच्या दोन खुणा आहेत.
भरायला लांबी घेतली होती,
झाकण लावून परत ठेवली.

आज ते जुनं सीताफळ समोर घेतलंय.
तेव्हाचा हिरवा जमत नाही.
थोडा पिवळा टाकला, चिमूटभर काजळी, तरी नाही.
सोडून दिलं.
अर्धं फळ त्या मुलीचं,
अर्धं पेन्शनवालीचं.
चव्वेचाळीस डोळे झालेत,
उरलेले मोजत नाही.

आतल्या खोलीत फोन वाजतोय.
चार. पाच.
मान आपोआप डावीकडे कलते,
ब्रश पंचेचाळिसाव्या डोळ्याच्या कडेवर.
सहा.
असेल कुणीतरी, निपाणीहून, नाहीतर कुठूनही.
वाजू दे.
रंग ओला आहे.