कालचाच

चिलुफ्या रोज सहाला झेंडा चढवतो.
आज दोरी धरून विचारतो,
"साहेब, कुठला?"

टेलेक्स आठवडाभर मुका.
शेवटचा निरोप आला तो सहीविना,
पगाराबद्दल त्यात काही नव्हतं,
देशाबद्दलही.

द्रागुतिन स्तानिच. एकतीस वर्षं नोकरी,
चार राजधान्या, एक घटस्फोट,
आणि न दुखवता नाही म्हणायची हातोटी.
आता साधा एक रंग सांगता येत नाही.

लुसाकात नीलमोहर गळतोय, मोटारीच्या टपावर, गटारात.
फाटकाशी एक बाई व्हिसासाठी उभी,
मुलगा तिकडे डॉक्टरकी शिकतोय म्हणते.
तिकडे म्हणजे कुठे, हे तो विचारत नाही.
वाळलेल्या शिक्क्यावर तोंडाची वाफ सोडतो,
दाबून उमटवतो.

मग पायरीवर येऊन चिलुफ्याला म्हणतो,
"कालचाच लाव.
पण इस्त्री करून."